ग्रोलवेनचा कित्ता

१

पेटीला तीन कुलपं होती. एक किल्ली पाद्रीबुवांकडे, दुसरी पंच बेरेंट स्लोमरकडे, तिसरी मास्तरांकडे. तिघं जमल्याशिवाय पेटी उघडायची नाही, हा ग्रोलवेनचा दीडशे वर्षांचा रिवाज. मास्तर वार्नर नोव्हेंबरात वारले आणि त्यांची किल्ली त्यांच्या कोटाच्या खिशात, बहिणीच्या घरी, खुंटीवर लटकत राहिली. मार्चातल्या एका सोमवारी त्यांच्या मुलाने, हिल्बर्टने, ती आणून तिसऱ्या कुलपात फिरवली, तेव्हा झाकण कुरकुरत वर आलं आणि आतून ओल्या पीटचा, दलदलीतून कापून काढलेल्या जळाऊ मातीचा, वास आला.

"या, नागरिक हिल्बर्ट," बेरेंट म्हणाला. नव्या सरकारने सगळ्यांना 'नागरिक' म्हणायला सांगितल्यापासून तो शब्द उच्चारताना त्याच्या तोंडात काहीतरी आंबट यायचं. "मास्तर मोजून झाले की कोंबड्याही मोजणार का आमच्या?"

"कोंबड्या कुणाच्या जावई आहेत ते कळलं, तर मोजीन बेरेंटकाका."

पाद्रीबुवा हसले. हिल्बर्ट हसला नाही. अकरा वर्षं दूर ग्रोनिंगेन शहरात शिकून तो परतला होता, आणि शिक्षण समितीने त्याला एक काम दिलं होतं: जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेवर शंभर-दीडशे वर्षांत कोण मास्तर झाले, ते कुणाचे मुलगे, कुणाचे जावई, याचा तक्ता करायचा. शाळा म्हणजे कुणाच्या गोठ्यातली गाय नव्हे, सासऱ्याने जावयाच्या हातात दावं द्यायला, असं तो समितीपुढे बोलला होता आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. सहा गावांचे तक्ते झाले होते. सगळीकडे तीच कथा, मास्तरांच्या मुली मास्तरांच्या घरात. उरलं होतं त्याचं स्वतःचं गाव.

त्याने दफनांची वही शेवटून उघडली. वडिलांची नोंद आधी बघून टाकावी, म्हणजे मग काम करता येईल, असं त्याच्या मनात होतं.

'१२ नोव्हेंबर १८०१. वार्नर हिल्बर्ट्स, शाळामास्तर, घंटावादक व प्रार्थनेचा गायक, वय ५१. चर्चच्या उत्तर भिंतीशी.'

अक्षर सरळ, एकसारखं, आखलेल्या ओळीवर मुंग्यांची रांग चालावी तसं. खाली येणाऱ्या प्रत्येक रेघेचं टोक आकड्यासारखं आत वळलेलं. हे अक्षर त्याच्या ओळखीचं होतं. अकरा वर्षं दर महिन्याला त्याला याच अक्षरात पत्र येत होतं.

"ही नोंद कुणी केली?"

"मास्तर करतात नोंदी," बेरेंट म्हणाला. "आणखी कोण करणार?"

"मास्तरांच्या दफनाची नोंद, काका."

बेरेंटने पाद्रीबुवांकडे पाहिलं. पाद्रीबुवा म्हणाले, "मी तर मास्तर गेल्यापासून सगळं सुट्या कागदांवर लिहून ठेवतोय. नवा मास्तर आला की उतरवून घेईल. पेटी सुगीच्या प्रार्थनेनंतर उघडलेलीच नाही. किल्लीच नव्हती."

किल्ली हिल्बर्टच्या तळहातात होती. तिच्यावर त्याच्या आत्याच्या चुलीची काजळी होती.

२

"उगीच कीस पाडू नकोस," आल्तीन आत्या म्हणाली आणि तिने ताकातल्या जवाची वाटी त्याच्यापुढे सरकवली. "मरायच्या आधी लिहून ठेवली असेल. तो तसा टापटिपीचा होता."

"तारीख कशी कळली त्यांना?"

"खा आधी."

हिल्बर्टने दोन घास खाल्ले. मग त्याने आपल्या पेटीतून पत्रांचा गठ्ठा काढला. दोनच पत्रं बाकीच्यांहून वेगळी होती, सर्वांत जुनी. वडील मास्तर होण्याआधी पंचांगं विकत गावोगाव फिरायचे, तेव्हाची. अक्षर डावीकडे कललेलं, शाई तळव्याने फासलेली, कारण ते डावखुरे होते. आणि कडेला चित्रं. बदकं. टोपी घातलेलं बदक, पाद्र्याच्या कॉलरमधलं बदक, कर भरायला निघालेलं रडकं बदक.

पुढच्या एकशे तीस पत्रांत एकही बदक नव्हतं. 'प्रिय पुत्रा, तुझे पत्र पोचले. हवामान ओलसर आहे. ईश्वराचे भय बाळग.' आपण वडिलांच्या मनातून उतरलो, असं हिल्बर्टने बाराव्या वर्षी ठरवून टाकलं होतं, आणि ते ठरवणं अजून त्याच्या बरगड्यांत कुठेतरी टोचत होतं.

"उजव्या हाताने लिहायला कधी शिकले ते?"

"तुझा नाही का ग्रोनिंगेनच्या शाळेत बांधून ठेवला होता डावा हात? तसंच. मास्तराला डावखुरं राहून कसं चालेल?"

"माझा महिनाभर बाकाला बांधला होता, आत्या. त्यांचा कुणी बांधला?"

आत्या भांडं घासत राहिली, घासून झालेलंच.

हिल्बर्ट विचार करू लागला. त्याने हवेच्या पंपाचे प्रयोग पाहिले होते. ज्याचं कारण सापडत नाही ते फक्त अजून शोधलेलं नाही, यावर त्याची श्रद्धा होती. कारण साधं असणार. हे अक्षर एका घराण्याचं आहे. बापाने मुलाला, सासऱ्याने जावयाला गिरवायला लावलेलं. नोंदही त्याच घराण्यातल्या कुणीतरी केली, आणि पेटीच्या तिन्ही किल्ल्या त्यांच्याकडेही आहेत. वडीलही त्या घराण्याशी कुठल्यातरी नात्याने बांधलेले असणार, आत्यालाही माहीत नसलेल्या. तक्ता पुरा झाला की चोर हातात.

"गुरुवारी मास्तरकीची परीक्षा आहे," तो म्हणाला. "मी बसणार आहे."

भांड्यावरचा हात थांबला.

"तुला ग्रोनिंगेनला नोकरी मिळेल की रे."

"अठ्ठावीस पोरं आहेत इथे. अर्ध्यांना आपलं नावसुद्धा लिहिता येत नाही, पण सगळ्यांना कित्ता गिरवता येतो. मला ही शाळा हवी आहे, आत्या. आणि मला ती सरळ मार्गाने हवी आहे."

सरळ मार्गाचा त्याला भरवसा होता, कारण या एका बाबतीत ग्रोलवेन सगळ्या जिल्ह्याच्या पुढे होतं. इथे उमेदवार कागदावर नाव लिहीत नसत. पंच पाठ करून बसत, कागद चामड्याच्या बादलीत पडत, सर्वांत सुंदर कागद निवडला जाई आणि मगच विचारलं जाई, 'हा कुणाचा?' ज्याचा असेल त्याने उठून खाली सही करायची. वशिल्याला जागाच नाही. समितीला हा रिवाज कळवायचा, असं त्याने टिपूनही ठेवलं होतं.

३

मंगळवार-बुधवार तो गावोगावची बाप्तिस्म्याची पुस्तकं पालथी घालत हिंडला. सहा मास्तर, १६४९ पासून. त्याने मोठ्या कागदावर सहा चौकोन काढले आणि मधल्या रेघांसाठी जागा सोडली.

एकही रेघ ओढता आली नाही.

पहिला समुद्रकाठच्या नावाड्याचा मुलगा. दुसरा जर्मन सरहद्दीवरचा विणकर. तिसरा अनाथालयातला. चौथ्याचा बाप मधमाश्या पाळायचा, पाचव्याचा खाटीक. सहावे त्याचे वडील. कुणी कुणाचा मुलगा नाही, जावई नाही, मेव्हणा नाही, धर्मपितासुद्धा नाही. एवढी निर्मळ यादी त्याला जिल्ह्यात कुठेही सापडली नव्हती. एरवी त्याने आनंदाने टोपी उडवली असती.

आणि सहाही जणांच्या नोंदी एकाच अक्षरात होत्या. प्रत्येकाच्या दफनाची नोंदही. दीडशे वर्षं, तो आकडा कुठे सैल झालेला नाही, म्हातारपणाने थरथरलेला नाही. वहीच्या पहिल्या पानावर पंचांचा ठराव होता, 'गावास शाळामास्तर नाही, तरी एक शोधावा.' तोसुद्धा त्याच अक्षरात.

बुधवारी दुपारी तो पुन्हा पेटीशी गेला आणि त्याने परीक्षांचे कागद मागितले. सहा परीक्षांची सहा पुडकी होती. प्रत्येकावर उमेदवारांची नावं. तीन. तीन. दोन. तीन. तीन. तीन.

आत कागद होते चार, चार, तीन, चार, चार, चार.

"एक जास्तीचा आहे प्रत्येकात," तो म्हणाला.

"नमुन्याचा असेल," बेरेंट म्हणाला. "किंवा कुणाचा बिघडला म्हणून दुसरा घेतला असेल. कागद आहे तो, हिल्बर्ट, पोर नाही. जास्तीचा झाला म्हणून कुणी विचारत नाही बाप कोण ते."

प्रत्येक पुडक्यात निवडलेला कागद वर होता, आकडेदार अक्षरातला. खाली विजेत्याची सही. ती सही मात्र प्रत्येकाची निराळी होती. नावाड्याच्या मुलाची वेलांटीदार, खाटकाच्या मुलाची जाड, कोंबलेली. सहाव्या कागदाखाली डावीकडे कललेलं, तळव्याने फासलेलं एक नाव होतं: वार्नर. त्या हाताने लिहिलेलं तेच शेवटचं. त्यानंतरच्या अकरा वर्षांत ते अक्षर कुठेही नव्हतं.

हिल्बर्टने त्या फासलेल्या शाईवर अंगठा ठेवला. शाई वाळून किती वर्षं झाली होती, तरी अंगठा उचलल्यावर त्याने तो न्याहाळला.

"बेरेंटकाका, त्या दिवशी तुम्ही होतात ना?"

"होतो. पाठ करून बसलो होतो, रिवाजाप्रमाणे." बेरेंटने पाइप पेटवायला घेतला आणि तो पेटायला फार वेळ लागला. "गावाला चांगला मास्तर मिळाला. कधी आजारी नाही, कधी दारू नाही, घंटा एकदा चुकली नाही. तुला काय हवंय आणखी?"

"माझे वडील."

पाद्रीबुवांनी खोकून पुडकी परत मागितली.

४

गुरुवारी सकाळी आत्याने त्याची कॉलर ठीक केली आणि ती सोडलीच नाही.

"त्या दिवशी तो घरी आला आणि हात धूत बसला," ती म्हणाली. "तासभर. मी म्हटलं, अरे मास्तर झालास, जरा हस की. तर म्हणाला, आल्तीन, जे माझं नव्हतं ते मी आज घेतलं. मी विचारलं, काय घेतलंस? पुन्हा कधी बोलला नाही. पुन्हा तसा काही बोललाच नाही तो."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"चुलीत पीट होता, पोटात अन्न होतं. काय सांगू?"

ऊन स्वच्छ पडलं होतं. परीक्षेतलं गाणं झालं, घंटा वाजवून झाली, घड्याळाला चावी देऊन झाली. मग तिघं उमेदवार शाळेच्या खोलीत आले. एक हिल्बर्ट. दुसरा वुब्ब, शेजारगावचा शिंपी, सहा पोरांचा बाप. तिसरा लीफर्ट नावाचा विणकर, जो सकाळपासून कुणाशी बोलला नव्हता. बाक चौघांचा होता. खिडकीकडची जागा रिकामी सोडायची, असं पाद्रीबुवांनी सांगितलं. का ते त्यांनाही आठवेना. हिल्बर्ट तिच्या शेजारी बसला. ती जागा त्याच्या उजव्या हाताला आली.

"मला मिळाली ना मास्तरकी," वुब्ब कुजबुजला, "तर तुझ्या बायकोचा लग्नाचा पोशाख फुकट शिवून देईन."

"बायको नाही मला."

"तर मग ती पण शिवून देतो."

पंच पाठ करून बसले. पाद्रीबुवांनी वाळूचं घड्याळ उलटं केलं आणि भिंतीकडे तोंड करून स्तोत्र सांगायला सुरुवात केली. लेखण्या कागदावर उतरल्या.

हिल्बर्ट पहिली ओळ लिहीपर्यंत ऐकत नव्हता. दुसऱ्या ओळीत ऐकू लागला. वुब्बची लेखणी दाबून चालायची, जाड कापडातून सुई काढावी तशी. लीफर्टची टकटक करत थांबायची. आपली मधेच करकरायची, तासताना टोक थोडं वाकडं गेलं होतं. तिन्ही अधूनमधून थांबत, दौतीला टेकत, पुन्हा चालू होत.

चौथी थांबत नव्हती. शाईतही बुडत नव्हती. एकसारखी, खिडकीकडून.

घुमतोय आवाज, त्याने स्वतःला सांगितलं. भिंत चुन्याची आहे. त्याने आपली लेखणी उचलून धरली. दोन आवाज राहायला हवे होते, तिथे तीन. मग वुब्ब आणि लीफर्ट एकदमच शाई घ्यायला थांबले. राहिला एक.

तो उजवीकडे बघणार होता. तेवढ्यात त्याच्या उजव्या हातावर एक हात आला.

लहान पोराचा हात धरून मास्तर कित्ता गिरवून घेतो, तसा. मागून, वरून, घट्ट पण न दुखवता. कोरडा, गार हात. आणि हिल्बर्टची लेखणी चालू लागली. किती सुंदर चालली ती. जन्मभर त्याला जमलं नव्हतं ते सरळ, एकसारखं अक्षर कागदावर उतरू लागलं, आणि पोटात एक शरमेचं सुख पसरलं, महिनाभर बाकाला हात बांधलेल्या पोराला कुणीतरी शेवटी 'शाब्बास' म्हणावं तसं. तीन शब्द झाले. चौथ्या शब्दाच्या शेवटी रेघेचं टोक आत वळलं. आकडा.

हिल्बर्टने लेखणी सोडली. ती डाव्या हातात घेतली. अकरा वर्षांत त्या हाताने काही लिहिलं नव्हतं. त्याने नवा कोरा कागद ओढला आणि पहिल्या ओळीपासून लिहायला लागला. अक्षरं लंगडत, एकमेकांना धक्के देत, डावीकडे झुकत निघाली. तळव्याने शाई फासली. उजव्या मुठीवरचा हात अजून तसाच होता, रिकामी मूठ हलवून बघत होता. मग तो गेला. खिडकीकडचा आवाज मात्र वाळू संपेपर्यंत थांबला नाही.

५

कागद दुमडून बादलीत पडले. आपला अर्धवट कागद, ते चार शब्द असलेला, हिल्बर्टने चोळामोळा करून खिशात घातला होता. पंच वळले. बेरेंटने बादलीतून कागद काढून टेबलावर पसरले.

"चार आहेत," हिल्बर्ट म्हणाला.

"कुणीतरी दोन लिहिले असतील."

"मी एकच टाकला. वुब्ब, तू?"

"मला एकाचीच मारामार," वुब्ब म्हणाला, पण त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

बेरेंटने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. त्याचे डोळे एका कागदावर खिळले होते आणि त्याचा आवाज मऊ झाला. "हा. यात वाद नाही." त्याने कागद वर धरला. आकडेदार अक्षर उन्हात चमकत होतं, अजून ओलं. "हा कुणाचा?"

बेरेंट हिल्बर्टकडे बघून हसला, पहिल्यांदाच आपुलकीने. "बापाचाच हात आहे हा. मला काय ओळखू येत नाही? बोल पोरा, तुझाच ना?"

'हो' म्हटलं की शाळा त्याची. आज, आत्ता. अठ्ठावीस पोरं, नवी पुस्तकं, हवा, नकाशे. आत शिरून सगळं बदलता आलं असतं. वडिलांनीही असंच काही मनाशी म्हटलं असेल: पोराला शिकवता येईल, बहिणीच्या चुलीत पीट येईल. 'माझा' हा एवढासा शब्द. मग सही. मग हात धूत बसायचं.

"माझा नाही," हिल्बर्ट म्हणाला.

त्याच्या डावीकडे वुब्बचं तोंड उघडलं. हिल्बर्टने त्याचं मनगट पकडलं.

"वुब्ब, नको. घरी गेल्यावर सहा पोरांनी तुला ओळखायला पाहिजे."

वुब्बने तोंड मिटलं.

"मग आहे तरी कुणाचा?" बेरेंट ओरडला.

"ज्याचा आहे त्यालाच विचारा की काका. दीडशे वर्षांत कुणी विचारलं नाही." हिल्बर्टने बेरेंटच्या हातातून तो कागद घेतला, रिकाम्या जागेपुढे ठेवला आणि लेखणी पुढे धरली. "उठा आणि सही करा. हाच रिवाज आहे इथला. दुसऱ्याच्या हाताने नाही. तुमचं नाव लिहा."

त्याने लेखणी मागे घेतली नाही.

मग बाक हलला. चौघांच्या बाकावरून एकजण उठला की फळी जशी किंचित वर येते, तशी ती त्या टोकाला वर आली. तिघांनाही ते बसल्या जागी कळलं. बेरेंट हिल्बर्टच्या खांद्यावरून मागे बघत होता, आणि त्याच्या तोंडातून पाइप गळून फरशीवर फुटला तरी त्याचे डोळे हलले नाहीत.

हिल्बर्टने वर पाहिलं नाही. फक्त समोर पाहिलं. लेखणीकडे एक काळी बाही येत होती, आणि बाहीतून एक हात. त्या हाताच्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं. वडिलांचं नख घड्याळाच्या साखळीत असंच चिरलं होतं. पण बाजूचं बोट वडिलांचं नव्हतं. त्यापुढचं आणखी कुणा तिसऱ्याचं.

बोटं लेखणीपाशी आली आणि थांबली. पुन्हा पुढे आली. पुन्हा थांबली. सगळं लिहिता येणाऱ्या त्या हाताला तेवढं एकच लिहिता येत नव्हतं.

"नाव नसेल," हिल्बर्ट म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला, "तर सोडा त्या सहाही मास्तरांना."

खिडकीतून ऊन सरळ बाकावर पडलं. मघाशी ते पडत नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं.

लीफर्ट केव्हाच निघून गेला होता. त्याचे लाकडी बूट दाराशी तसेच होते. वुब्ब हळूच म्हणाला, "मला वाटतं, शिवणकामच बरं." पाद्रीबुवा पुटपुटत प्रार्थना म्हणत होते. शेवटी बेरेंटने उरलेल्या तीन कागदांतून एक चिमटीत उचलला.

"आणि हा? हा कुणाचा? बदक चिखलातून गेल्यासारखं अक्षर."

"माझा," हिल्बर्ट म्हणाला, आणि डाव्या हाताने खाली सही केली.

६

त्याच दुपारी त्याने दफनांच्या वहीतली वडिलांची नोंद आडवी रेघ मारून खोडली आणि खाली पुन्हा लिहिली, वाकडी, फासलेली. समासात एक बदक काढलं. ते नीट जमलं नाही. समितीकडे पाठवलेल्या तक्त्यात सहा चौकोन होते, एकही रेघ नव्हती. नात्याच्या रकान्यात त्याने 'चौकशी चालू' असं लिहिलं.

सोमवारी शाळा भरली. अठ्ठावीस पाट्या. फळा कोरा बघून पोरं गोंधळली.

"मास्तर, कित्ता कुठाय?" पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली. "आम्ही गिरवायचं काय?"

"काही नाही. आपापलं नाव लिहा. येईल तसं. येत नसेल त्याने मला विचारा, मी सांगेन. हात कुणी कुणाचा धरायचा नाही."

पाट्यांवर दगडी लेखण्या करकरू लागल्या. अडखळत, थांबत, थुंकीने पुसत. मग त्यांच्यामधून खिडकीकडचा तो एकसारखा आवाज सुरू झाला, बारीक, न थांबणारा. दोन-तीन पोरांनी तिकडे पाहिलं आणि मग नव्या मास्तरांकडे पाहिलं.

हिल्बर्टने हजेरी घेतली. एकेकाचं नाव मोठ्याने, एकेकाने उठून उत्तर दिलं. अठ्ठावीस झाले. मग तो खिडकीकडच्या रिकाम्या जागेपुढे जाऊन उभा राहिला, रोज राहणार होता तसा, डाव्या हातात लेखणी धरून.

"आणि तुमचं नाव?" त्याने विचारलं.

आवाज थांबला. तो तिथेच उभा राहिला, आवाज पुन्हा सुरू होत नाही अशी खात्री होईपर्यंत.